बाष्पीभवनातून, सर!

माझं एम.एड. आमच्या गाइड सरांनी घालवलं. वडिलांचे दोस्त, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचो. आता म्हणत नाही.

भालकीच्या एका शाळेत माझा परीक्षेचा पाठ होता. अण्णा आणि बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. पाण्याचा घटक मी स्वतः रचला होता: आधी पोरांच्या घरचं पाणी, मग पुस्तकातलं. पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या घरी पाणी कुठून येतंय रे?"

कुणी बोअर म्हणेल, कुणी टँकर म्हणेल, असं मी धरून चाललो होतो. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बाष्पीभवनातून, सर!"

मी गारच पडलो. पुढच्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "बाष्पीभवन म्हंजे काय गं, अक्का?"

तिनं अण्णांकडं बोट दाखवलं, "ते न्हाई सांगितलं त्या मोठ्या सरांनी. काल नुसतं उत्तर पाठ करून घेतलं."

अण्णा ताडकन उठले. "कामून विचारायलास तिला? दरवर्षी हाच पाठ होतोय, कुणी असलं विचारलं न्हाई!"

"अण्णा, हा पाठ नवा हाय. तुम्हीच सही केलाव की त्याच्यावर."

"केलो की. वाचून कोण सही करतंय?"

मी परीक्षकांकडं बघितलं. वाटलं, हे तरी बोलतील. ते शांतपणे म्हणाले, "वर्गाची तयारी उत्तम होती. बिघडवलं तुम्ही."

पाठात मला नापास केलं. पुन्हा त्याच माणसाच्या हाताखाली बसायचं नव्हतं, म्हणून कॉलेज सोडलं. दोन वर्षं गेली, डिग्री नाही.