उशीर झाला, हे सांगितलं का?

मंडळी, आधी मोजू या. बस एक. तिचा रंग पिवळा, डावा आरसा दोरीनं बांधलेला. आसनं बत्तीस, मुलं एकतीस, थांबे नऊ. शाळा सुटते साडेबाराला. सहावा थांबा म्हणजे कोळशिंद फाटा, तिथे बस यायची वेळ सव्वा. फाट्यावर झाड नाही, शेड नाही, समोरून ट्रक धावतात. आणि तिथे उभी एक आई!

आता प्रश्न ऐका. उशीर होणं हे पाप — की झालेला उशीर न सांगणं हे पाप? घाई करू नका. उत्तर आख्यानात आहे.

ही आई म्हणजे नीलम रसाळ. काजूच्या कारखान्यात कामाला. जेवणाची सुट्टी एक ते एक चाळीस. कारखान्यापासून फाटा चालत बारा मिनिटं. एकला निघायचं, सव्वाला मुलगी घ्यायची — स्वरांगी, वय वर्षं सहा — आणि तिला कारखान्याच्या पाळणाघरात सोडून कामाला बसायचं. जेवायचं कधी? विचारू नका! आयांना कुणी विचारतं का?

हिशोब चोख होता. बस सोडून! शाळेपासून पहिल्या थांब्यापर्यंत घाट; त्यात कधी दरड, कधी म्हशी. मुकादमानं बजावलं, "नीलम, तीनदा उशीर झाला. चौथ्यांदा झाला, तर दुसऱ्या दिवशी येऊच नको."

मग तिनं फोन करून का विचारलं नाही? केला हो! बस चालवायचे दाऊदचाचा. बावीस वर्षांत बसला ओरखडा नाही. पण फोन उचलला, की उत्तर एकच — "आलोच! पाच मिनिटं!" घाटाच्या वर असोत, खाली असोत — पाच मिनिटं! हसता काय? पेटीवाले अनंतराव, आज यायला उशीर झाला तेव्हा तुम्ही मला फोनवर काय सांगितलंत? ... बघा! मान खाली गेली!

चाचा लबाड नव्हते, मंडळी. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलायचे. पण त्या गोड पाच मिनिटांत नीलमची नोकरी विरघळत होती.

शाळेत विज्ञान शिकवायच्या केतकी मॅडम. त्यांनी बसमध्ये एक डबी बसवली, तळहाताएवढी. बस कुठे आहे ते डबीला आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं, आणि ती ते दर मिनिटाला शाळेच्या संगणकाला सांगते. बस रेंगाळली, की घरोघरी फोनवर निरोप आपोआप जातो — 'बस पंचवीस मिनिटं उशिरा.' कुणी विचारायचं नाही, कुणी लपवायचं नाही! निरोप आला, की नीलम मुकादमाला सांगून सुट्टीच उशिरा घ्यायची. काय सुंदर गोष्ट आहे बघा! डबीला माया नाही, पण तिच्यामुळे आईच्या पोटात दोन घास जायला लागले.

मग आला दसरा. आपल्याकडे गाडीची पूजा होते, अवजारांची होते. बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या सुगंधाताई. त्यांनी डबीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. आणि म्हणाल्या, "केवढी धूळ बसते गं तुझ्यावर!" — आणि काय केलं? भाकरीच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. वर झाकण. घट्ट!

मंडळी, चारी बाजूंनी पोलाद. लहरी आत शिरणार कशा, बाहेर पडणार कशा? डबी मुकी झाली.

नेमका दुसऱ्याच दिवशी घाटात ट्रक आडवा. बस अडकली. निरोप नाही! नीलमला वाटलं, निरोप नाही म्हणजे बस वेळेवर. एकला निघाली. सव्वा झाला. एक वीस. रस्ता रिकामा. एक अठ्ठावीसला परत फिरलं, तरच ती एक चाळीसला जागेवर. थांबली तर नोकरी जाते. निघाली आणि मागून बस आली, तर सहा वर्षांची पोर ट्रकांच्या फाट्यावर! काय करावं त्या माउलीनं?

तिनं फोन लावला. "चाचा, कुठे आहात?"

"आलोच, पा..." चाचा थांबले. आरशात बघितलं. एकतीस तोंडं त्यांच्याकडे बघत होती.

"नाही बेटी. खोटं बोललो असतो. ट्रक आडवा आहे, पाऊण तास तरी लागेल. तू कामावर जा."

"आणि पोर?"

"फाट्यावर उतरवणारच नाही. सगळी मुलं सोडून परत येताना तुझ्या कारखान्याच्या फाटकात आणतो. सुगंधाताईंच्या मांडीवरून थेट तुझ्या हातात!"

नीलम धावली. घड्याळात एक चाळीस. मुकादमानं बघितलं आणि हजेरीवर खूण केली. सव्वातीनला फाटकात हॉर्न वाजला. स्वरांगी उतरली ती तक्रार घेऊनच — "आई, ताईंनी मला दोन भाकऱ्या खायला लावल्या!"

त्याच डब्यातल्या! बस शाळेत परतल्यावर केतकी मॅडम डबी शोधायला लागल्या, तर तीही त्याच डब्यात! सुगंधाताईंनी कपाळाला हात लावला. "मॅडम, मीच हिचं तोंड बंद केलं हो!"

केतकी मॅडम म्हणाल्या, "ताई, चूक माझी. डबी गप्प झाली, की सगळं ठीक आहे असं मीच धरलं होतं." त्याच संध्याकाळी त्यांनी नवा नियम घातला. तीन मिनिटं डबी गप्प राहिली, तर घरोघरी निरोप — 'बसची खबर मिळत नाही. चौकशी चालू आहे.' आपल्याला ठाऊक नाही, हेसुद्धा सांगायचं! मंडळी, एवढा प्रामाणिकपणा माणसांत बघितलाय?

आता तुमच्याकडे वळतो. देवाला सगळं ठाऊक असतं. वाट बघणाऱ्याला नसतं, त्याला सांगावं लागतं. 'निघालो' म्हणता, तेव्हा तुमची चप्पल तरी सापडलेली असते का? आज कीर्तन संपल्यावर घरी फोन कराल. खरी मिनिटं सांगा. नऊ असली तर नऊ.

नव्या नियमानंतर शाळेचे सत्तेचाळीस दिवस मी वहीत मांडले. बस अकरा वेळा उशिरा आली. अकराही वेळा निरोप एकच्या आत पोहोचला. फाट्यावर नीलमचं थांबणं डबीच्या आधी सरासरी दहा मिनिटं, नंतर तीन. कामावर उशीर शून्य.