नंदाचा स्कॅनर, माहे कान

आमी जातीनं कोहळी. आमच्या आज्या-पंज्यानं गावचे तलाव बांधले, बाप धानात राबला, अन् मी मात्र लहानपणापासून इंजिनाच्या मागं लागलो, सडक अर्जुनीले हायवेवर गाड्या थांबत, त्यायचा आवाज आयकत उभा रायचो. मंग उस्तादाकडं शिकलो अन् रोडच्या बाजूले सोताचं गॅरेज टाकलं. कार्बोरेटरची गाडी असन तं नुसता कान देऊन सांगत होतो, पेट्रोल जास्त होऊन रायलं का हवा. लोक म्हणत, यादोराव मिस्त्री आहे ना, मंग टेन्शन नाही. काय सांगू तुमाले, त्या बोलण्यावरच मी जगत होतो.

मंग कंप्युटरच्या गाड्या आल्या. पेट्रोल किती, ठिणगी कवा, सारं एक डब्बा ठरवते. माही बायको नंदा बारावी सायन्स झालेली, तिनं म्हणलं, गोंदियाले कोर्स आहे, करू का. मीच म्हणलं, कर, मले मदत होईन. ती गाडीच्या कंप्युटरले जोडून बिघाड दाखवणारा स्कॅनर चालवाले शिकून आली. जेवता जेवता मले सांगे, किल्ली फिरवली का कंप्युटर पयले इंजिनाची गरमी पाह्यते, थंडं असन तं पेट्रोल वाढवते, खालचा सेन्सर त्याले सांगते का इंजिन फिरून रायलं, तवाच ठिणगी देते, अन् चालू झाल्यावर सायलेन्सरातला धूर तपासून पेट्रोल कमी-जास्त करत रायते. मी म्हणो, हेच तं मी कानानं करत होतो. ती हासे. साधंच हासे, पण मले टोचे.

मंग गिऱ्हाईक आलं का इचारे, वहिनी आहे का. माहा जीव जरे. मी पाना घेऊन उभा, अन् लोक तिच्या भवताल.

एक दिवस आमच्या इकडल्याच प्रतापगडच्या दर्ग्याले निघालेली एक फॅमिली गाडी ओढून घेऊन आली. म्हातारी माय, लेकरं, सारे उन्हात. स्टार्टर फिरे, गाडी चालू नाही होये. मी प्लग काढले, ठिणगी नाही. ठिणगी देणारी कॉइल बदलली, तरी नाही. नंदानं स्कॅनर लावला अन् हरूच म्हणलं, अहो, इंजिन फिरून रायलं पण कंप्युटरले शून्य दिसते, खालचा सेन्सर गेला असन. मी म्हणलं, तू चूप रायतं का. पुन्हा वायरिंग खोललं. दुपार झाली. गाडीवाला म्हणे, भैया, भाभी को देखने दो ना. मी हातातला पाना तिथंच टाकला अन् समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. म्हणलं, आता पाहू, खाली घुसाले कोण येते हिले.

ती सोताच घुसली. दुकानातून सेन्सर आणला, साडीवर माहा जुना शर्ट घातला अन् गाडीखाली गेली. मी टपरीवरून तिचे पायच पाहून रायलो. थोड्या वेरानं गाडी चालू झाल्याचा आवाज आला, एकदम साफ. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे हात ग्रीसनं कारे झाले होते. मले सांगता येत नाही, पण त्या कारेपणाचाच मले जास्त राग आला. ते तं माहं होतं ना.

घरी आलो तं जेवलो नाही. तिनं म्हणलं, काऊन, माहा राग आला का त्या डब्ब्याचा. मी म्हणलं, तुहा. ती म्हणे, राग करा, पण उद्या गॅरेजात या, क्लच खोलाचा आहे, मले जमत नाही ते. दुसऱ्या दिवशी गेलो. कुठं जाईन.

आता दोघंही करतो. डब्ब्याचं ती, बाकीचं मी. जरणं गेलं म्हणान तं नाही गेलं, अजूनही कवा कवा उठते. तिचं भलं हो, एवढं मनापासून म्हणतो. तुमी बी आल्या आल्या तिलेच इचारलं. बसा, पार्ट आणाले गेली, येतेच आहे.