ओझरकर बाईंचं स्टूल

मंडळी, सैल बसा, पण एक प्रश्न मनात धरून बसा. आपलं माणूस गेलं, तर त्याचं जपायचं काय — वस्तू, की वागणं?

ऐका! तालुक्याच्या गावी एक तंत्रनिकेतन. तिथं ओझरकर बाई पहिल्या वर्षाला जावा शिकवायच्या. जावा म्हणजे संगणकाला काम सांगायची भाषा. मागचे आजोबा हसले! आजोबा, तुमचा मोबाईल नातू लावून देतो ना? मग ऐका गुमान.

बाई फेब्रुवारीत वारल्या. जूनमध्ये त्यांचा वर्ग त्यांच्याच यजमानांकडे आला — दिगंबर सरांकडे. तिथलेच दुसरे शिक्षक मुळीक सर म्हणाले, मोठं नवं सॉफ्टवेअर घाला, अर्धा शब्द लिहिला की उरलेला तेच लिहितं. सरांनी साफ नकार दिला. बाई संगणकातल्या साध्या कोऱ्या पानावर लिहून घ्यायच्या आणि काळ्या खिडकीत, म्हणजे नुसती अक्षरं दिसणाऱ्या पडद्यावरच्या काळ्या चौकटीत, चालवून बघायच्या. तिनं लावलेलं तसंच राहणार! ते काढलं तर ती पुन्हा एकदा जाईल, असं त्यांना वाटे.

आणि मुलं? नुसतं 'नमस्कार' पडद्यावर आणायला पाच ओळी. सुरुवातीचा एक कंस राहिला, तर खिडकीत चुका किती? सतरा — त्याही इंग्रजीत! हर्षदा थोपटे नावाची मुलगी शेवटच्या चुकीपासून दुरुस्त करत वर यायची. बरोबर होतं तेही बिघडायचं! ऑगस्टमध्ये तिनं नाव काढायचा अर्ज लिहिला.

सोबत थोरली बहीण आली, रोहिणी. बाईंचीच विद्यार्थिनी. तिनं प्रयोगशाळेत नजर फिरवली.

"सर, सगळं बाईंचंच आहे. मग त्यांचं स्टूल कुठंय?"

"कसलं स्टूल?"

तेव्हा रोहिणीनं सांगितलं. बाई स्टूल ओढून प्रत्येकाच्या शेजारी बसायच्या. पडद्यावर तळहात ठेवून खालच्या सगळ्या चुका झाकायच्या. म्हणायच्या, पहिली तेवढी वाच, बाकीच्या हिच्यामुळेच आल्यात.

सव्वीस वर्षांचा संसार, मंडळी — आणि तिच्या वर्गात हा माणूस एकदाही डोकावला नव्हता!

स्टूल सापडलं. सरांच्याच खोलीत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. ते त्यांनी हर्षदाशेजारी आणलं, बसले, पडद्यावर तळहात ठेवला.

"वाच, बाळ."

"कंस हवा होता म्हणतंय, सर."

"मग घाल की."

'नमस्कार' आला. अर्ज दप्तरात परत गेला.

पण मुलं साठ, तळहात एक! आता काय करायचं? सरांनी मुळीक सरांचं मोठं सॉफ्टवेअर नाही घेतलं. एक छोटं, साधं निवडलं. ते मुलांच्या वाटचं लिहीत नाही, फक्त चुकलं तिथल्या तिथं खाली लाल रेघ ओढतं. बाईंनी लावलेलं सरांनी स्वतःच्या हातानं बाजूला केलं. काळी खिडकी दसऱ्यानंतर उघडायची ठरली, हात बसल्यावर. आणि त्या दिवशी, मंडळी, बाई वर्गात परत आल्या.

आता तुमच्याकडे येतो. हार घातलेला फोटो कुणाच्या घरी नाही? खालचं कपाट जसंच्या तसं ठेवलंय ना? ठेवा. पण त्या माणसाचं स्टूल कुठं पडलंय, ते उद्या सकाळी शोधा. सापडलं तर पुसून फोटोखाली मांडू नका! ज्याचं अडलंय, त्याच्या शेजारी न्या — आणि बसा.