भावाची दाढी

बायको : अहो, सख्खा भाऊ बाहेर गाडीत बसलाय आणि तुम्ही त्याच त्या कात्र्या पुसत बसलात!

न्हावी : बसू दे. गावात काय मी एकटाच न्हावी उरलोय?

बायको : जावेनं दोन दुकानं फिरवली भाऊजींना. झटका आल्यापासून त्यांची मान ठरत नाही, उजवा हात हलत नाही. लोक म्हणतात, कुठे कापलं-बिपलं तर आमच्या गळ्यात. काल तिनं स्वतःच वस्तरा धरला आणि हनुवटी कापून बसली.

न्हावी : मग वाढू दे दाढी. संतासारखा दिसेल.

बायको : आणि तुम्ही कसे दिसता ते सांगू? चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेची ओळ आली की तुम्हाला खोकला येतो. दर रविवारी! मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा हसायला लागल्यात आता.

न्हावी : हसू देत. खोटं बोलण्यापेक्षा खोकलेलं बरं. पलीकडच्या गावात याच्या घरी माझी आई गेली, हे मला कळलं कुठे? या खुर्चीत. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावलेला, आणि तो म्हणतो, तुमच्या आईला काल माती दिली, तुम्ही कुठे दिसला नाहीत? त्याचा फेस वाळून गेला, तरी माझा हात उठेना. एक फोन करायला काय झालं होतं याला?

बायको : पाठ आहे हो मला सगळं! जेवताना तेच, झोपताना तेच. तिसऱ्या माणसासारखा तो राग आपल्या घरात राहतोय. त्याचं करून करून मी थकले. मी भाऊजींना आत आणतेय.

न्हावी : अगं, पण मनातून येत नाही ना! मनात नसताना क्षमा करायची म्हणजे सोंगच की.

बायको : रोज सकाळी दुकान उघडता ते काय मनातून उमाळे येतात म्हणून? प्रभू तरी क्रुसाकडे हसत गेला होता का? त्यालाही घाम फुटला होता. बापाची इच्छा म्हणून गेला.

न्हावी : तू आता पाळकसाहेबांना घरी बसव आणि उभी राहा त्यांच्या जागी! आण, आण त्याला. पण मी एक शब्द बोलणार नाही.

(दोघी जावा धाकट्याला धरून खुर्चीत बसवतात. न्हावी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधतो.)

धाकटा : दादा...

न्हावी : तोंड मिट. फेस जाईल.

धाकटा : मला काहीतरी सांगायचंय.

न्हावी : वस्तरा मानेवर असताना?

धाकटा : म्हणूनच. आता पळता येत नाही मला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला मी भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. आणि दाराशी पाऊल वाजलं की ती विचारायची, थोरला आला का? मी समोर बसलेलो असायचो, दादा. जातानाही तुझंच नाव घेतलं तिनं. मला वाटलं, नाव त्याचं घेतलं ना, मग माती तरी मी एकट्यानं देईन.

बायको : अहो! वस्तरा आधी खाली ठेवा.

न्हावी : माझं नाव घेतलं?

धाकटा : हो.

न्हावी : आणि हे इतकी वर्षं दाबून ठेवलंस? अरे, मला वाटायचं, शेवटी भेटायला आलो नाही म्हणून ती माझ्यावर रागावून गेली!

धाकटा : माहीत होतं मला. म्हणूनच नाही सांगितलं.

न्हावी : प्रभू, हे काय वाढून ठेवलंस माझ्यापुढे? एक घास गिळतोय तोवर दुसरा! नाही जमत मला. ऐकतोयस ना? माझ्याच्यानं होत नाही. तुला व्हायला हवं असेल, तर तूच कर.

बायको : भाऊजींच्या गालावरचा फेस वाळतोय हो.

न्हावी : वाळू दे, पुन्हा लावीन. जरा थांब तू.

धाकटा : मी जाऊ का, दादा?

न्हावी : अर्धी दाढी घेऊन? दुकानाची अब्रू घालवशील. ऐक. तू आईचं सगळं केलंस, त्याला तोड नाही. पण मला कळवलं नाहीस, ते वाईटच केलंस. त्याला मी मरेपर्यंत बरं म्हणणार नाही. तरी तुला क्षमा केली. प्रभूच्या नावानं केली. माझ्याजवळचं म्हणशील तर एवढं मोठं काही नाहीच.

धाकटा : मनापासून?

न्हावी : आता तूही सुरू झालास? मन येईल मागून, लंगडत लंगडत. उद्या सकाळी पुन्हा संताप आला, तर उद्या पुन्हा करीन. चल, दुसरा गाल पुढे कर.

बायको : काय म्हणालात?

न्हावी : दुसरा गाल! दाढी करताना न्हावी आणखी काय म्हणणार? आणि तू हसू नकोस रे, कापेल.

धाकटा : दादा, पुढच्या रविवारी येऊ? चर्च सुटल्यावर?

न्हावी : रविवारपर्यंत जंगल माजेल. परवा ये. सावकाश दाढी करीन. तू आईचं सांग.