स्विचच्या खोलीचं कुलूप मी का तोडलं

नाव: नोंदवहीत घेतलंय तेच, कामावर सगळे भिंगरी म्हणतात. वय: तेवीस. धंदा: इस्पितळात कंत्राटी नेटवर्क तंत्रज्ञ, परवापर्यंत. राहणार: ताईकडे, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, हा जबाब मी दोन दिवस टाळला, हे कबूल. लिहायला बसलं की डोकं तापायचं आणि मी पेन टाकून भटकायला निघायचो. आज ताईने दंडाला धरून आणलं.

कुलूप मी तोडलं, त्याबद्दल ना नाही. पण आमच्या नेटवर्कच्या साहेबांनी तक्रारीत लिहिलंय की मी परस्पर सेटिंग बदलून नेटवर्क पाडलं. हे धादांत खोटं आहे.

जुन्या आणि नव्या इमारतीत एकेक मोठा स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जोडणारी पेटी आहे. दोघं एकमेकांना दर दहा सेकंदांनी 'मी आहे' असं कळवतात. चाळीस सेकंद काही आलं नाही तर समोरचा गेला असं धरून वाट बंद करतात. बिघाड लवकर कळावा म्हणून साहेबांना दहाचा एक आणि चाळीसचे चार करायचे होते. दोन्हीकडे आकडे सारखे नसले तर स्विच एकमेकांना ओळख देत नाहीत. म्हणून दोन्ही टोकं एकाच माणसाने करायची, अशी आमच्यात रीत आहे. (मी हे कामावरच शिकलो. त्याआधी बोटी रंगवल्या, तंबूवाल्याकडे दिवे लावले. तंबूवाला माणूस सोन्यासारखा, पण ते इथे नको.)

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी जुन्या इमारतीत असताना साहेबांचा फोन आला. ते गाडीत होते, मांडीवर लॅपटॉप. जुन्या स्विचचा पासवर्ड ते कोणाला देत नाहीत.

"नव्याचं तू कर, जुन्याचं मी करतो. तीन म्हटलं की एंटर."

"साहेब, असं नको. पासवर्ड द्या, मी दोन्ही करतो."

"अकरावी नापास, तू मला शिकवणार? एक, दोन, तीन!"

मी एंटर दाबलं. साहेब म्हणाले, "थांब, दुसरा फोन येतोय," आणि कट केला. मी सात वेळा लावला. सातही वेळा एंगेज.

साहेबांचं एंटर राहिलंच, तेवढ्यात वाट बंद झाली. मला नव्या इमारतीतल्या स्विचमध्ये इथून शिरता येईना. पळत गेलो. तिथली स्विचची खोली अतिदक्षता विभागाला लागून आहे. तिला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. शेजारी विभागात आठ पेशंट. त्यांचे आकडे दाखवणारा टेबलावरचा पडदा काळा, फोन बंद. सिस्टर एकेका खाटेपाशी जाऊन हाताने नाडी बघत होत्या.

"उभा काय राहिलास?"

"किल्ली नाही, सिस्टर."

"मग फोड की मेल्या! माझं नाव सांग!" असं म्हणून त्यांनी ऑक्सिजन सिलिंडरचा पाना माझ्याकडे फेकला.

कुलूप तोडून, स्विचला थेट केबल लावून मी जुने आकडे परत टाकले. दोन चोवीसला पडदा लागला. कोणी दगावलं नाही. सिस्टर खुर्चीवर बसल्या, पाणी मागितलं आणि ग्लास नुसता हातात धरून राहिल्या.

आता साहेब म्हणतात, फोन केला होता, पण हजेरीबद्दल. फोन कंपनी वेळ दाखवते, बोलणं दाखवत नाही. नोकरी गेली तर गेली, मला कुठेही हात चालवता येतो. पण इस्पितळ बंद पाडणारा म्हणून माझ्यावर गुन्हा? का? मला शाळा जमली नाही म्हणून?

हे सगळं हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचलं, मी कान देऊन ऐकलं. मी म्हणालो तेच आहे, 'मेल्या'सुद्धा.

सहीआधी एक ओळ वाढवू द्यावी. आत्ता दारात साहेबांचे ड्रायव्हर आले आहेत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. म्हणतात, "गाडीची किल्ली साहेबांना परत देऊन आलोय. मंगळवारी फोन स्पीकरवर होता. माझा जबाब कोण घेतंय?"