हळदीचा गोळा

अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग हलत नव्हती. पुढच्या गाडीत जमुना आणि तिची शेजारीण जैनबबी बोलत होत्या.

"जमुने, तुह्या घरी इलायती मेज आलं म्हणे?"

"आलं ना. कापसाले भाव आला अन् ह्यायले सायब व्हायची हौस आली. मेजानंच खोली भरली, आमी आता ओसरीत झोपून रायलो."

"त्याच्यावर जेवता का?"

"हात बी लावू देत नाहीत. वर हिरवं बनातीचं लोकरी कापड, कोपऱ्यायले जाळीच्या थैल्या. काठीनं हस्तिदंती गोळे त्यात ढकलाचे. दोन पांढरे, एक लाल. त्याले बिलियर्ड म्हणतात. कापसाचा सायब आला, तं म्हणे आपल्याले पूल पायजे."

"पूल? पेढी नदीवर?"

"नाही वं, तो बी खेळच. मेज तेच, पन गोळे रंगीत, ज्याचा त्याचा वेगळा. आमच्यापाशी रंगीत गोळे नव्हते, मंग म्या एक पांढरा हळदीत बुडवला."

"या अल्ला! अन् सायब?"

"हात पिवळे, पाटलोन पिवळी. नवरदेवच झाला."

"तुहे मालक तापले असतीन."

"दोन दिवस मेजावरची हळद पुसत बसले. काल मलेच म्हणे, खेळते का? म्या म्हटलं, खेळीन, पन पूलच."

"काहून?"

"बिलियर्डात दोघायचेबी गोळे पांढरेच. माहा कोनता, ते हेच सांगतीन. पुलात मले माहा सोताचा भेटते. ह्या घरात दुसरं काय हाय माह्या नावाचं?"