शिरूरचं अर्धं नाव

...हसू नका हो, मला आधीच तोंड दाखवायला जागा न्हाई! सासुरवाडीचं गाव, दुष्काळाचं साल, अन् तिथला टँकर चुकवला कुणी? तर ह्या बसवंतानं, त्यांच्याच जावयानं! पुरं ऐकून घ्यायला काय झालतं?

तुम्हाला सांगतो, लातूर जिल्हा तवा नवा नवा, हपिसात खुर्च्या कमी अन् कागद लई, अन् टँकरची यादी काढायला एक कॉम्प्युटर आणलेला. त्याचा प्रोग्राम लिहायचं माझ्या गळ्यात! आता त्या मशीनच्या लायब्ररीत आधीच लिहून ठेवलेले हुकूम असतात बघा, तयार गडीच म्हणा, आपण फक्त हाक मारायची, 'जा रे, बाबूनं काय टाइप केलं ते घेऊन ये.' तसले दोघं होते. एक पुरी ओळ आणणारा, एंटर दाबेपर्यंत जागचा हलायचा न्हाई. दुसरा उतावळा, दोन शब्दांत मोकळी जागा दिसली की पळालाच माघारी! मी कुणाला धाडावं? उतावळ्याला! का, तर तपासायला मी 'औसा' टाकलं, 'उदगीर' टाकलं, 'निलंगा' टाकलं... एका शब्दाची नावं, समदं बरोबर! साहेब म्हणले, 'वा, बसवंतराव!' अन् मी छाती फुगवून चहा पिऊन राहिलो.

मग आमचा बाबू अण्णाराव, बिचाऱ्यानं एकेक अक्षर हुडकून टाइप केलं, 'शिरूर अनंतपाळ', माझी सासुरवाडी. माझ्या गड्यानं काय आणलं? 'शिरूर'! अन् जिल्ह्यात शिरूर किती? दोन! एक अनंतपाळ, एक ताजबंद. यादी बघून ड्रायव्हर म्हणतो, 'शिरूर म्हंजी ताजबंदच की, सडकेवरचं!' चार दिवस ताजबंदला डबल टँकर, अन् अनंतपाळच्या हौदात पाली फिरून राहिल्या. अरे, पुरं ऐकून घ्यायला काय झालतं?

पाचव्या दिवशी सासरी गेलो, म्हणलं सरळ सांगावं, चूक माझी हाय. तर दारात सासूबाई, गौरम्मा, तांब्या घेऊन उभ्या! दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी, अन् म्हणतात, 'जावईबापू, पाय पुढं करा.' मी म्हणलो, 'नका हो, नका!' 'असं कसं? जावई कोरड्या पायानं घरात?' अन् ओतलं की! तुम्हाला सांगतो, ते पाणी पायावर पडलं तवा मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली हो, लई लाज वाटली.

कसंबसं तोंड उघडलं, 'आत्याबाई, ती टँकरची चूक...'

'ठावं हाय! ड्रायव्हर बाजारात सांगत होता. त्या मुडद्या अण्णारावाची! माझ्या जावयानं एवढं मशीन शिकवलं, अन् त्याला गावाचं नाव धड टाइप करता येईना?'

बघा! पुरं ऐकून घ्यायला काय झालतं त्यांना? अन् मला पुरं सांगायला काय झालतं?

न्हाई सांगितलं. गुपचूप हपिसात येऊन उतावळ्याला काढलं, पुरी ओळ आणणारा धाडला, दुसऱ्या दिवशी टँकर बरोबर अनंतपाळला. मग दोन दिसांनी अण्णाराव भेटला, हात जोडून म्हणतो, 'साहेब, माझ्यामुळं तुमची सासुरवाडी चार दिवस तहानली, माफ करा.'

अन् मी... काय सांगू तुम्हाला, मी त्याला माफ करून टाकलं.